खुद्री: शास्त्रात टिकलेले मराठी नाव

गळाला बनावट माशी लावून ट्राउट धरण्याचा साहेबी शौक निलगिरीत वाढला. तो थंड पाण्याचा मासा आमच्या वेदगंगा-दूधगंगेत तगणारा नव्हे. इथला मान महाशीरचा. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी राहिलेले कर्नल साइक्स (आमच्यासारखेच सरकारी नोकर!) यांनी मुळा-मुठेतल्या महाशीरची शास्त्रीय नोंद १८३९ मध्ये केली, तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडचेच नाव दिले: खुद्री. लॅटिन नामावळीत मराठी शब्द बसला. मुळा-मुठेचे पाणी भीमेतून कृष्णेला मिळते, आमच्या दूधगंगेचेही कृष्णेलाच. सीमाभागात पाट्यांवरची मराठी पुसली गेली, पण जगभरच्या ग्रंथांत हा मासा आजही ‘टॉर खुद्री’च आहे. नदीत मात्र तो कमी झाला. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिल्ले वाढवून पाण्यात सोडली जातात.