तबकडी आणि तिची तार

इतिहास म्हटला कीं आपल्यापुढें राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. आज मी मात्र एका तारेचा इतिहास सांगणार आहें. संगणकांतील माहिती सांठविणारी तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, मदरबोर्डाला जोडणारी ही तार.

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ सालचा. आयबीएम कंपनीच्या त्या यंत्रांत दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि तें सारें धूड मिळून सुमारें पन्नास लाख अक्षरें सांठवी. १९६० सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत ‘टिफ्रॅक’ हा स्वदेशीं बांधलेला संगणक चालूं झाला. त्याची मुख्य स्मृति मात्र चुंबकीय कड्यांची होती. १९८० पर्यंत पन्नास लाख अक्षरें सवापांच इंची तबकड्यांवर मावूं लागलीं.

तरीहि तबकडीचें नियंत्रक निराळ्या पट्टीवर असे. १९८६ च्या सुमारास तें तबकडीच्याच अंगावर बसविण्यांत आलें. ही ‘आयडीई’ पद्धति. तिची तार रुंद, चपटी व चाळीस पिनांची. एक कड बहुधा तांबडी, ती पहिल्या पिनेकडे ठेवावयाची. एका तारेवर दोन यंत्रें बसत. त्यांतील एक ‘मास्टर’ व दुसरें ‘स्लेव्ह’ असें लहानशा जंपरनें ठरवावें लागे. दोन्हीं मास्टर ठेवलीं तर घोटाळा ठरलेलाच. १९८२ सालीं संगीतासाठीं निघालेली सीडी संगणकांत आली, तेव्हां तिचें यंत्र प्रथम कित्येकदां साउंड कार्डाला जोडीत. पुढें तेंहि याच तारेवर आलें.

२००३ सालीं ‘साटा’ आली. तिच्या तारेला संपर्क अवघे सात, आणि प्रत्येक यंत्राला स्वतंत्र तार. तारा कमी करून वेग कसा वाढला? कवाईत आठवा. सोळा मुलें एका रांगेंत चालवावयाचीं तर चाल मंद ठेवावी लागते. वेग वाढवितांच रांग मोडते. एकामागून एक सोडलीं तर तींच मुलें धांवूं शकतात. जुन्या तारेची मजल सेकंदाला १३३ मेगाबाइटवर थांबली. साटाचा आरंभच १५० पासून झाला.

येथवर ही प्रगतीची कथा झाली. आतां तिची दुसरी बाजू पाहूं. नव्या मदरबोर्डांवर चाळीस पिनांची जागा सहसा नसते. आमच्या रामदासपेठेंत जुने बंगले पाडून उंच इमारती उठत आहेत, आणि घर हलवितांना जुना संगणक भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो. त्यासोबत लग्नाचीं छायाचित्रें, वडिलांचीं पत्रें, मुलीचा प्रबंधहि जातो. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानींतले कागद मोडी लिपींत आहेत. कागद टिकले, पण वाचणारे विरळ झाले. तबकडीचेंहि तसेंच होऊं पाहत आहे. फरक एवढाच कीं, मोडी शिकतां येते. यंत्रांत गंजून बंद पडलेली तबकडी शिकून उघडत नाहीं.

उपाय सोपा आहे. जुन्या तबकडीला यूएसबीशीं जोडणारा जोडक मिळतो. तिला वीज मात्र निराळी द्यावी लागते. आधीं वीज बंद करावी, पिना वांकूं देऊं नयेत, जोर लावूं नये. मजकूर निघतांच त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणीं ठेवाव्यात. घरीं भरलेल्या सीडीवरहि विसंबूं नये. तिच्यावरील रंगाचा थर कालांतरानें फिका पडतो.

आपल्या पूर्वजांनीं दप्तरें रुमालांत बांधून माळ्यावर जपलीं. आपलें दप्तर तारेच्या टोंकाला आहे. ती तार मिळते आहे तोंवरच तें सोडवून घेतलें पाहिजे.