‘मुंबईसह’ : एका शब्दयोगी अव्ययाचा राजकीय इतिहास

१९५०च्या एप्रिलात मुंबई महानगरपालिकेची हद्द पूर्वेकडील लोहमार्गावर भांडुपपर्यंत सरकली आणि पुढे सुमारे सात वर्षे भांडुप हे नगराचे टोक होऊन राहिले. १ फेब्रुवारी १९५७ रोजी ती हद्द मुलुंडला गेली. ‘मुंबई’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न याच अवधीत सर्वाधिक तीव्र झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जानेवारी १९५६मध्ये मुंबई केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. तो अमलात येता, तर सरहद्दीचा वाद भांडुपच्याच वेशीवर उभा राहिला असता.

या निर्णयाविरुद्ध ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. ‘पक्ष’ या शब्दात बाजू आणि पंख हे दोन्ही अर्थ आहेत. ‘समिती’त एकत्र येणे आहे. संस्थापकांनी दुसरा शब्द निवडला तो योग्यच होता. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन यांना एका विचाराने बांधणे कोणासही शक्य नव्हते. त्यांना बांधले ते ‘मुंबईसह’ या पदातील ‘सह’ने. एस. एम. जोशी यांचे नेतृत्व आज्ञेचे नव्हते, मनधरणीचे होते. डांगे आणि अत्रे यांच्यासारखी माणसे एका व्यासपीठावर टिकवून धरणे हे काही लहानसहान काम नव्हे.

१९५७च्या निवडणुकीत समितीने मुंबईत व पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर धक्का दिला. तरीही द्विभाषिक राज्याच्या ३९६ जागांपैकी २३४ काँग्रेसकडेच राहिल्या; गुजरात, विदर्भ व मराठवाडा यांनी तिला सावरले. अधिकृत निकालपत्रकात मात्र समितीचे नाव शोधूनही सापडत नाही. तेथे आहेत ते घटक पक्ष आणि अपक्ष. मतदाराने समितीला मत दिले. नोंद पक्षाची झाली.

ही विसंगती यशाने उघडी पाडली. १ मे १९६० रोजी मुंबई महाराष्ट्रात आली. बेळगाव, कारवार बाहेरच राहिले. ‘सह’ अर्धाच फळास आला. कोणाच्या मते कार्य संपले होते, कोणाच्या मते सीमाभाग येईपर्यंत विसर्जन हा विश्वासघात ठरला असता. दोन्ही म्हणणी प्रामाणिक होती. परंतु सीमेपलीकडे शेती, मजुरी, कारखाने यांविषयी समितीचे समान धोरण असे काही नव्हतेच. १९६२मध्ये विधानसभेच्या २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसने जिंकल्या, आणि समितीतील पक्ष आपापल्या नावाने विरोधी बाकांवर बसले.