झेंडूचं माहेर

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरी पाटावर झेंडूचा ढीग पडतो. एका बाजूला आंब्याचे टाळे, दुसऱ्या बाजूला सुतळी आणि दाभण. तोरण ओवायचा मान आत्याचा. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी मी शहाणपणा दाखवायला गेलो आणि म्हणालो, "आत्या, हे फूल मूळचं आपलं नाही. मेक्सिकोचं आहे. चार-पाचशे वर्षांपूर्वी ते इथे कुणाला ठाऊकही नव्हतं."

आत्याचा हात थांबला. "म्हणजे ज्ञानेश्वरमाउलींनी झेंडू पाहिला नव्हता?"

नव्हता. ज्ञानेश्वरी १२९० सालची. त्यानंतर दोनशे दोन वर्षांनी, १४९२ साली, कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर पोचला. त्याआधी झेंडू समुद्रापलीकडेच होता.

"मग तिथे तो कशाला वापरतात?" तिने विचारलं. हा प्रश्न मी टाळायला हवा होता. त्याच वर्षी माझे वडील, म्हणजे तिचा भाऊ, गेले होते. पितृपंधरवडा नुकताच संपला होता. मी सांगून गेलो, की मेक्सिकोत ते मृतांचं फूल आहे.

श्रोतेहो, मी सांगितलं ते खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. उरलेलं पुढच्या काही महिन्यांत वाचत गेलो.

मेक्सिकोत झेंडूला सेम्पासूचिल म्हणतात. अॅझ्टेकांच्या नाहुआतल भाषेतला मूळ शब्द 'सेम्पोआलशोचित्ल', म्हणजे वीस-फूल. वीस हा त्यांच्या मोजणीतला पूर्ण आकडा. आपण 'शतपत्र' म्हणताना पाकळ्या मोजत बसत नाही, तसंच हे. बेर्नार्दिनो दे साहागून या स्पॅनिश धर्मोपदेशकाने सोळाव्या शतकात नाहुआ सहकाऱ्यांना हाताशी धरून त्या लोकांच्या चालीरीती त्यांच्याच भाषेत लिहून काढल्या. त्यात ओच्पानिस्त्ली नावाच्या सणाचं वर्णन आहे. नावाचा अर्थ झाडलोट. पावसाळा सरत येताना, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, घरं आणि रस्ते झाडायचे. देवता तोसी, म्हणजे आपली आजी. त्या सणात बायका दोन तट करून लुटूपुटूची लढाई करीत आणि एकमेकींवर जी हत्यारं फेकीत, त्यांत झेंडूची फुलं होती. घटस्थापनेआधी आपल्याकडे घर धुऊन-पुसून काढतात, तेच मला आठवलं. पण लगेच गहिवरून जाऊ नये. त्या सणात देवीचं रूप दिलेल्या एका स्त्रीचा बळी जाई आणि लढाईचा खेळ तिचं मन रमवण्यासाठी असे. फुलांच्या इतिहासात नुसता सुगंधच असतो असं नाही.

स्पॅनिश सत्ता आली, ते सण मोडले, फूल मात्र राहिलं. आज १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकन लोक आपल्या मृतांसाठी घरात आरास मांडतात. त्यांच्या आवडीचे पदार्थ, तसबीर, मेणबत्त्या. आणि दारापासून त्या आराशीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. त्या रंगावरून आणि वासावरून गेलेल्या माणसाला आपलं घर सापडतं, अशी त्यांची श्रद्धा.

झेंडू युरोपात फार लवकर पोचला. लेओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याच्या १५४२ सालच्या वनस्पतिग्रंथात तो आहे, पण 'इंडियन' म्हणून, कारण तेव्हा अमेरिकाही 'इंडिया'च होती. पुढे इंग्रजांनी मोठ्या झेंडूला आफ्रिकन आणि छोट्याला फ्रेंच ठरवलं. बिचाऱ्याला मेक्सिकन म्हणायचं कुणाच्या मनातच आलं नाही. आपल्याकडे तो पोर्तुगीज जहाजांतून आला असं अभ्यासक मानतात. १५१० पासून गोवा आणि १५३४ पासून वसई त्यांच्या ताब्यात होती. आपण त्याला झेंडू म्हटलं, कोकणाने गोंडा म्हटलं, आणि पुढे तो परका असल्याचं सगळेच विसरले.

इतक्या सहजी कसा रुजला? नकाशा पाहा. मेक्सिको शहर आणि मुंबई दोन्ही १९ उत्तर अक्षांशाच्या आसपास, पुणं थोडं खाली. दोन्हीकडे पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर. मोठ्या झेंडूला फुलायला लहान होत जाणारा दिवस मानवतो. २३ सप्टेंबरच्या सुमाराला दिवस-रात्र समान होतात, मग दिवस आखडतो आणि हा बहरतो. म्हणजे देश बदलला, पण त्याचं ऊन-पावसाचं पंचांग जवळजवळ तेच राहिलं. त्यातून बी धरून ठेवायला सोपं, रंग हळदीचा-केशराचा, आणि ओवल्यावरही दोन-तीन दिवस टवटवीत. आपल्या सणांना याहून काय हवं होतं?

पंचाईत होते ती शेतकऱ्याची. झेंडू सूर्याचं ऐकतो आणि दसरा चंद्राचं. २०२३ साली अधिक मासामुळे दसरा २४ ऑक्टोबरला आला, २०२५ साली २ ऑक्टोबरलाच. लागवडीचा दिवस दरवर्षी नव्याने मांडावा लागतो. हिशेब चुकला किंवा परतीच्या पावसाने कळ्या सडल्या, तर वर्षाचा डाव गेला. आणि सगळ्यांचाच साधला, तर दसऱ्याच्या संध्याकाळी बाजाराबाहेर तीच फुलं ढिगांनी पडलेली दिसतात. ते ढीग मला बघवत नाहीत.

एकटा झेंडूच नाही. बागेतला डेलिया १७८९ साली मेक्सिकोहून माद्रिदच्या वनस्पती उद्यानात गेला आणि मग जगभर पसरला. कॉसमॉस, झिनिया तिकडचेच. डिसेंबरात लाल होणारा पॉइन्सेटियाही, ज्याची पाकळी समजतो ती खरं तर पानं असतात. याच दिवसांत बाजारात येणारं सीताफळ, थेट सीतामाईचं नाव लावून बसलेलं, तेही अमेरिका खंडातलं. आपट्याचं झाड मात्र इथलं.

पुढच्या दसऱ्याला हे सगळं मी आत्याला सांगितलं. तिने मध्ये काही विचारलं नाही. तोरण पुरं झालं, उंबरठ्यावर चढून मी ते बांधलं. पाटावर मूठभर सुट्या पाकळ्या उरल्या होत्या. एरवी ती त्या तुळशीच्या बुंध्याशी टाकते. त्या दिवशी तिने त्या उंबरठ्यापासून आत, वडिलांच्या तसबिरीपर्यंत, ओळीने पसरल्या आणि म्हणाली, "पाय देऊ नका रे कुणी."

तोरण वाळलं की ती फुलं कुस्करून परसात टाकते. पुढच्या पावसात त्यातली निम्मी तरी उगवतात.