पुण्याजवळचा नाक घडवणारा

मराठीत नाक कापले म्हणजे अब्रू गेली. पण शिक्षा म्हणून खरोखरच नाके कापली जात, तो काळ फार जुना नाही.

तिसऱ्या म्हैसूर युद्धात, १७९२ साली, इंग्रजी फौजेच्या रसदीचे बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपू सुलतानच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. इंग्रजांनी त्याचे नाव 'कावसजी' लिहिले. मला ते कावजी असावे असे वाटते. टिपूविषयी आपल्याकडे प्रेमाने लिहिले जाते, आणि ही हकीकत शत्रुपक्षाची आहे हेही खरे. तरी एवढ्यावरून ती झाकून ठेवणे मला पटत नाही.

वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीट घडवणाऱ्या जातीच्या माणसाने त्याला नवे नाक बसवले.

ही शस्त्रक्रिया क्रुसो आणि फिंडले या मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिली होती. आधी मेणाचा पातळ पत्रा कापलेल्या जागी बसवून नाकाचा आकार घ्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवायची. सारे हुनर या पट्टीत आहे, कारण नवी कातडी रुजेपर्यंत रक्त तिच्यातूनच येते. मग कातडी अर्धी पिळून खाली आणायची आणि जुन्या व्रणाची कड सोलून तिथे खोचायची. टाके नाहीत. कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावायचा. तोच कात, जो जालन्याच्या पानपट्टीवर विड्याला लावतात. चार दिवसांनी तुपात भिजवलेले कापड. साधारण पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापायची.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये हे चित्रासह छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले. आजही प्लास्टिक सर्जन नाकासाठी कपाळाची कातडी याच तत्त्वावर घेतात.

असईची १८०३ ची लढाई आमच्या जिल्ह्यातली. तिथल्याही सेनापतींची नावे मुलांना पाठ होतात, रसदवाल्यांची कुणाला ठाऊक नसतात. या हकिकतीत निदान बैलवाल्याचे नाव तरी उरले. पाहणाऱ्या डॉक्टरांचीही उरली. ज्याने नाक घडवले, त्याची मात्र तिथे फक्त जात नोंदवली आहे.