लघुसैनिकांची जुळणी
पटावरील युद्धखेळासाठी ओतीव धातूच्या छोट्या सैनिकमूर्तींचे सुटे भाग जोडण्याची कला. मूर्ती बहुधा कथिलाच्या मिश्रधातूच्या असतात. जुन्या मूर्तींत शिसे आढळते. १५ व २८ मिमी. ही मापे रूढ आहेत. एच. जी. वेल्स यांच्या ‘लिटल वॉर्स’ (१९१३) या पुस्तकाने अशा खेळांना चालना दिली. सध्याच्या जालना जिल्ह्यातील असईची लढाई (२३ सप्टेंबर १८०३) अशा पटांवर मांडली जाते; त्यासाठी शिंद्यांचे कवायती पायदळ व मराठा घोडदळ मूर्तिरूपात उभे करतात. दिवाळीच्या किल्ल्यावरील मातीचे मावळे ही महाराष्ट्रातील याच्या जवळची परंपरा होय.

पद्धती : साच्याची उमटलेली रेघ व कडेचा जादा धातू बारीक कानशीने काढतात. साबणाच्या पाण्याने धुऊन मूर्ती वाळवतात. भाग आधी गोंदाविना जुळवून पाहावेत. प्लॅस्टिकचा गोंद धातूला चालत नाही. सायनोॲक्रिलेट गोंदाचा थेंबभर वापर पुरतो. गोंद जास्त झाल्यास सांधा कच्चा राहतो. घोडा, भाला यांसारख्या जड वा लांब भागांत हातड्रिलने सुमारे १ मिमी. छिद्र पाडून पितळी तार बसवल्यास सांधा टिकतो. फटी इपॉक्सी पुट्टीने भरतात. शेवटी मूर्ती बैठकीवर चिकटवून अस्तराचा रंग देतात.

दक्षता : नवशिक्याने एकसंध पायदळ मूर्तीपासून सुरुवात करावी. घासताना तोंडावर मुखपट्टी असावी आणि काम संपताच हात धुवावेत.