नियंत्रणदांड्याची मूठ : हौशी प्रतिकृतींचा ऐतिहासिक विचार

विमानविद्येच्या इतिहासाची साधने म्हणून आपण आराखडे, चाचण्यांचे अहवाल, पेटंटे आणि वैमानिकांच्या रोजनिश्या यांकडे पाहतो. वैमानिकाच्या तळहाताला काय जाणवत होते, याविषयी मात्र ही साधने फारसे बोलत नाहीत. गेल्या काही दशकांत संगणकावर घरबसल्या उड्डाणाचा अनुभव घेणाऱ्या हौशी मंडळींनी जुन्या लढाऊ विमानांच्या नियंत्रणदांड्यांच्या मुठी लाकूड, धातूची नळी, राळ अशा साहित्यातून स्वहस्ते घडविल्या आहेत. विद्यापीठीय नियतकालिकात या उद्योगाचा उल्लेख होणे काहींना विचित्र वाटेल. प्रस्तुत लेखकालाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु या प्रतिकृती जेथे यशस्वी झाल्या त्यापेक्षा जेथे फसल्या, तेथेच इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक शिकण्यासारखे आहे.

नियंत्रणदांडा विमानाबरोबरच जन्मास आला, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. 1903 मध्ये राइट बंधूंच्या विमानात वैमानिक पालथा पडून असे. डाव्या हातातील तरफेने तो विमान वरखाली करी आणि कमरेखालच्या पाळण्यासारख्या चौकटीला हिसका देऊन पंखांना पीळ देई. एकाच दांड्याने ही दोन्ही कामे करण्याची कल्पना फ्रान्समध्ये रोबेर एस्नो-पेल्तरी याने 1907 च्या सुमारास अमलात आणली. त्याच काळातील आंत्वानेत विमानात दांडा नव्हताच. वैमानिकाच्या दोन्ही बाजूंस दोन चाके होती. ही चाके फिरविणे अंगवळणी पडावे म्हणून पिंपाच्या अर्ध्या भागांपासून शिक्षणाचे एक साधन तयार करण्यात आले. शिकाऊ माणूस वर बसे, मदतनीस ते पिंप हातांनी हलवीत, आणि त्याने चाके फिरवून तोल सावरावयाचा असे. विमानाच्या नियंत्रणाची नक्कल जमिनीवर करण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न होय.

पुढे 1929 मध्ये अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक याने आपल्या वडिलांच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यात उड्डाणशिक्षणाचे यंत्र बांधले. ऑर्गनच्या भात्यांवर ते डोलत असे. आरंभी त्याला जत्रेतील करमणुकीपलीकडे फारसे मोल आले नाही. 1934 मध्ये टपाल वाहून नेताना सैनिकी वैमानिकांचे अपघाती मृत्यू ओढवले, तेव्हा अमेरिकन सैन्याने अशी सहा यंत्रे विकत घेतली. आजचे हौशी कारागीर याच परंपरेतले आहेत, असे म्हणण्यास हरकत नसावी. हाताशी असलेल्या भलत्याच धंद्याच्या वस्तूंतून विमान उभे करणे, हा दोहोंचा समान धर्म.

या कारागिरांची सर्वांत आवडती वस्तू म्हणजे स्पिटफायर विमानाची वर्तुळाकार मूठ. इंग्रजी फावड्याच्या मुठीवरून तिला नाव पडले आहे. पहिल्या महायुद्धातील सॉपविथ कॅमल विमानातही तशीच मूठ होती. म्हणजे हा आकार स्पिटफायरच्या जनकांनी शोधलेला नव्हे. कड्यावर बंदुका डागण्याचे बटण आणि ते चुकून दाबले जाऊ नये म्हणून अडसर. पुढे तोफा बसविल्यावर केवळ बंदुका, केवळ तोफा किंवा दोन्ही एकदम डागता याव्यात असे तिहेरी बटण. आणि कड्यालाच लागून चाकांच्या वायुदाबी ब्रेकची तरफ. घरगुती प्रतिकृतीत ही तरफ सायकलच्या ब्रेकपासून बनवितात, आणि ती चांगली शोभतेही. कडे नळी वाकवून किंवा प्लायवूडचे थर चिकटवून करतात. 1947 मध्ये काश्मीरच्या रणभूमीवर भारतीय वायुदलाची स्पिटफायर विमाने लढली. तेव्हा ही मूठ आपल्याकडील वैमानिकांच्याही हातची होती, हे जाता जाता नमूद करावयास हवे.

अशी मूठ तयार झाली की ती मेजावरील आखूड दांड्यावर बसवितात, आणि तेथे घोटाळा सुरू होतो. मूळ विमानात दांड्याला दोन ठिकाणी सांधा होता. पुढेमागे तो तळाशी हले. डावीउजवीकडे मात्र केवळ वरचा भाग कले, कारण अरुंद कक्षेत संपूर्ण दांडा आडवा नेण्यास वैमानिकाच्या पायांमुळे जागाच नव्हती. शिवाय लांबीचा प्रश्न आहे. वीस सेंटिमीटर लांबीचा दांडा पंधरा अंश कलविला तर हात सुमारे पाच सेंटिमीटर सरकतो. साठ सेंटिमीटरचा दांडा तितकाच कलविला तर पंधरा सेंटिमीटरांहून अधिक. आकार तोच राहिला, पण कृती निराळी झाली.

याहून महत्त्वाची गोष्ट बळाची. आरंभीच्या स्पिटफायरच्या पंखांवरील कलदर्शी पट्ट्या कापडाने मढविलेल्या होत्या आणि वेग वाढला की त्या हलविणे अतिशय कष्टाचे होई. पुढे धातूने मढविलेल्या पट्ट्या आल्या तेव्हा ही अडचण पुष्कळ कमी झाली. ज्याने हलक्या स्प्रिंगवर ही मूठ फिरविली आहे, त्याला कडे हे निव्वळ शोभेचे वाटते. ज्याने जड स्प्रिंग लावून पाहिली, त्याचा दुसरा हात आपोआप कड्यावर येतो. आणि मग कडे हवेच कशाला, हा प्रश्न उरत नाही. लेखी अहवालातून एवढे सहज हाती लागत नाही. मुठीचा आकार हे उत्तर आहे. प्रश्न बळाचा होता, आणि प्रश्न वगळून केवळ उत्तराची नक्कल केली की इतिहास हातातून निसटतो.

याच्या अगदी उलट उदाहरण एफ-16 विमानाचे. त्यात दांडा उजव्या हाताशी बाजूला असून, हाताचे बळ मोजून विजेच्या संदेशाद्वारे विमानाला आज्ञा दिली जाते. मूळ रचनेत तो दांडा हलतच नव्हता. 20 जानेवारी 1974 रोजी धावपट्टीवर वेगाने धावण्याची चाचणी चालू असता पहिले नमुनाविमान डावीउजवीकडे डोलू लागले. नियंत्रण अतिसंवेदनशील होते. वैमानिक फिल ओस्ट्रायकर याने धावपट्टीवरून घसरण्यापेक्षा विमान हवेत उचलणे पसंत केले आणि ते सुखरूप उतरविले. ठरलेले पहिले उड्डाण 2 फेब्रुवारीस झाले. पुढे वैमानिकाला काहीतरी जाणवावे म्हणून दांड्याला किंचित, काही मिलिमीटर इतकीच, हालचाल देण्यात आली.

या मुठीची धातूची उत्तम प्रतिकृती थ्रस्टमास्टर या कंपनीने चालू शतकाच्या आरंभी विक्रीस आणली. पण तिचा दांडा इतर खेळण्यांप्रमाणे स्प्रिंगवर डुलत असे. हौशी लोकांनी काय केले, तर तो सांधा काढून टाकला आणि त्या जागी बळ मोजणारे संवेदक बसविले. अर्डुइनो लिओनार्डोसारखे लहान नियंत्रकपट्ट 2012 पासून मिळू लागल्यावर हे काम सामान्य माणसाच्याही आवाक्यात आले, कारण संगणक अशा पट्टालाच जॉयस्टिक समजतो. प्रथमच असा दांडा धरणारा मनुष्य बहुधा तो मोडला आहे असे समजून अधिकाधिक जोर लावतो, आणि पडद्यावरील विमान गरकन उलटते.