तंजावरची छत्रे व नगरस्नेहाची परंपरा

तंजावरच्या मराठी राज्याचा इतिहास लिहिताना आपली दृष्टी बहुधा राजवाड्याच्या देवडीपाशीच थबकते. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तेथे सत्ता स्थापिली, शहाजीराजांनी मराठीत नाटके रचिली, दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वैभवास नेले. एवढे सांगितले म्हणजे तंजावर सांगून झाले असे आपणांस वाटते. परंतु कावेरीच्या सुपीक खोऱ्यातील या लहानशा शहराविषयी मराठी कुटुंबांना एवढा लळा का लागावा, १८५५ नंतर दरबार मोडला तरी त्यांतील अनेकांनी तेथेच का राहावे, याचे उत्तर वंशावळीत सापडत नाही. ते तेथील नित्याच्या लोकव्यवहारात शोधावयास हवे.

या दृष्टीने सरफोजीराजांचे १८०१ मधील एक पत्र फार मोलाचे आहे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती किल्ला व त्याचा परिसर तेवढा उरला. अशा वेळी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांस लिहिताना त्यांनी रामेश्वराच्या वाटेवरील अन्नछत्रांचा प्रश्न मोठ्या कळकळीने मांडला. छत्रांत काय चालते हे पत्रात तपशीलवार नमूद आहे. येणाऱ्या सर्वांस जातीचा विचार न करता भात मिळे. आजारी वाटसरूंसाठी वैद्य असत. परक्या मुलुखातील आईबाप वाटेतच वारले, तर त्यांची पोरकी मुले पंतोजींच्या हवाली केली जात. तान्ह्या बालकांस दूध मिळे; छत्रात प्रसूत झालेल्या स्त्रीचा खर्च छत्र सोशी आणि तिला तीन महिने राहण्याची मुभा असे. मध्यरात्री घंटा वाजवून, काही कारणाने मागे राहिलेल्यांस जेवावयास बोलाविले जाई.

या घंटेचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. जो आला त्यास अन्न देणे हा दानधर्म होय. जो अद्याप पोचला नाही त्याची आठवण ठेवणे हा त्याहून वेगळा गुण आहे. गावाला आपलेपणा येतो तो अशाच आठवणीने. सत्ता हातची गेलेल्या राजाने वाटसरूच्या पानाची काळजी वाहिली, हे तंजावरच्या मराठी राजवटीचे खरे भूषण होय.

असाच जिव्हाळा भाषांच्या व्यवहारातही दिसतो. महाराष्ट्रातील कीर्तनाचा ठसा तंजावरच्या हरिकथेवर उमटला. साकी, दिंडी, ओवी व अभंग ही वृत्ते तमिळ श्रोत्यांच्या कानी रुळली आणि तंजावर कृष्ण भागवतर यांच्यासारख्या कलावंतांनी त्यांस तमिळ कथेत मानाचे स्थान दिले. उलट मराठी घरांतील बोलीने तमिळ शब्द निःसंकोचपणे घेतले; या बोलीस बोलणारे स्वतः ‘दक्षिणी’ म्हणतात. कोणी कोणास जिंकले हा प्रश्न अशा देवघेवीत गौण ठरतो. एका कथेस शेजारी बसणाऱ्यांचा तो संसार आहे.

बृहदीश्वर मंदिरातील १८०३ चा भोसले वंशाचा मराठी शिलालेख आपण आदराने पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण दगडावर राजांची कुळे कोरली गेली. रोजचा जमाखर्च, छत्रांचे धान्य, वैद्यांचे वेतन ही माहिती मोडी दप्तरात राहिली. तमिळ विद्यापीठाने त्या दप्तरातील निवडक कागदांचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध केले आहेत. ज्यांची ती भाषा, त्यांनी मात्र मोडी विसरावी हे शोभणारे नाही. बृहन्महाराष्ट्रातील शिक्षकांनी आपापल्या शाळेत चार विद्यार्थ्यांस जरी मोडी वाचावयास शिकविली, तरी या कागदांतील माणसे पुन्हा बोलू लागतील. दूरच्या मुलुखात मराठी माणूस कसा राहिला, याची साक्ष त्यांच्याइतकी निर्मळपणे दुसरे कोणी देणार नाही.